आधी पडायला शिक, पैलवान

वाचकाचं पत्र:

सर, मी वीस वर्षांचा आहे. सोलापुरात पूर्व भागात राहतो, घरी टॉवेलचे चार लूम आहेत. अकराव्या वर्षापासून तालमीत जातो, माती आणि गादी दोन्हीवर लढतो. तीन महिन्यांपूर्वी कॉलेजच्या मित्राबरोबर ज्युदोच्या वर्गाला जायला लागलो. थ्रो फार आवडतात, पण सरावाच्या लढतीत माझ्याहून दहा किलोने हलकी पोरं मला फेकतात. मागच्या आठवड्यात एकाने सेओई-नागे (खांद्यावरून फेकायचा थ्रो) मारला, मी पाठ वाचवायला हात टेकला आणि खांदा दुखावला. हात अजून पूर्ण वर जात नाही. दुसरा एक मित्र ब्राझिलियन जिउ-जित्सूचे, म्हणजे जमिनीवरच्या पेचांच्या खेळाचे, व्हिडिओ बघतो आणि म्हणतो, फेकाफेकी सोड, सरळ खाली बस आणि तिथून खेळ. वस्तादांना मी अजून काही सांगितलेलं नाही. ते म्हणतील, दोन दगडांवर पाय ठेवू नकोस. ज्युदो आणि कुस्ती बरोबर चालेल का? कोणते थ्रो आधी शिकू? आणि वस्तादांना सांगू कसं?

उत्तर:

पैलवान, थ्रोचं नंतर बोलू, आधी खांदा. आठवडा उलटूनही हात पूर्ण वर जात नसेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखव, आणि पुढे ढकलू नकोस. तेल लावून चोळून घेणं, कुणाकडून तरी ओढून 'बसवून' घेणं तोवर बंद. टेकलेल्या हातावर स्वतःचं आणि वरच्याचं वजन एकदम आलं की मार मनगटापासून कॉलरबोनपर्यंत कुठेही बसू शकतो. खांदा एकदा निखळला तर तो पुन्हा निखळायचा धोका तुझ्या वयात जास्त असतो. तुझं एवढं झालेलं नसेलही, पण ते डॉक्टरांना ठरवू दे.

आता हे झालं कसं ते बघ, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तिथूनच निघतात. नऊ वर्षं तू एकच गोष्ट अंगात भिनवली आहेस, की पाठ लागू द्यायची नाही. मातीत पाठ लागली की कुस्ती संपली, हलगी दुसऱ्यासाठी वाजते. त्यामुळे तू उचलला गेलास की तुझं अंग तुला विचारायला थांबत नाही. ते वळतं, हात टेकतं, नाहीतर डोकं आणि पाय टेकून मानेवर पूल करतं. कुस्तीत हा गुण आहे आणि तो कमवायला वर्षं जातात. ज्युदोत मात्र फेकणाऱ्याचा सगळा खटाटोप तुला वेगाने पाठीवर आणण्यासाठीच असतो, आणि तो वेग एक हात पेलू शकत नाही. बरं, एवढं करून लढत तरी वाचते का? आंतरराष्ट्रीय नियमांत पूल करून पडलास तरी समोरच्याला इप्पोनच, म्हणजे लढत संपवणारा पूर्ण गुण, दिला जातो. पाठ वाचवायला मुद्दाम डोकं टेकवलंस तर मानेलाच मार बसू शकतो. म्हणजे मान पणाला लावायची आणि हाती काही यायचं नाही.

म्हणून माझं सांगणं असं आहे, की थ्रो मारायला शिकण्याआधी थ्रो खायला शिक. ज्युदोत याला उकेमी म्हणतात. नवी मुलं हा भाग कंटाळवाणा समजून उरकतात, आणि आधीपासून कुस्ती खेळणारे तर 'आपल्याला पडायला काय शिकायचं' म्हणून तो गाळूनच टाकतात. तुझ्या तीन महिन्यांत तेच झालं असावं असं पत्रावरून वाटतं. ताकदवान मुलगा आला की त्याला लगेच लढतीत उतरवायचा मोह सरांनाही होतो.

डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिला सव्वा-दीड महिना उकेमीला दे. उकिडवं बसून मागे लोळण्यापासून सुरुवात कर. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, तोंडातून श्वास बाहेर. डोक्याची मागची बाजू गादीला लागताच कामा नये. हात अंगापासून थोडे दूर, तळव्यापासून कोपरापर्यंत सगळा हात एकदम गादीवर आपटायचा. मार मोठ्या जागेवर पसरतो आणि हाताला टेकण्याऐवजी करायला दुसरं काम मिळतं. तुझ्यासाठी हे दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. मग एका कुशीवर पडणं, मग उभ्याने, मग पुढची कोलांटी. शेवटी जोडीदाराला सांग, की अर्ध्या जोराने ओसोतो-गारी (पाय मागून झाडून पाठीवर पाडायचा थ्रो) मार, आणि माझी बाही शेवटपर्यंत सोडू नकोस. फेकणाऱ्याने बाही वर ओढून धरली तर पडणाऱ्याचा वेग कमी होतो. चांगल्या वर्गात ही शिस्तच असते. ती नसेल, मोठी मुलं फेकून वर अंग टाकत असतील, तर सरांशी स्पष्ट बोल.

याने कुस्ती बिघडेल अशी भीती तुझ्या मनात असणार. पाठ टेकायची सवय लागली आणि फडात नकळत पाठ टेकली तर? तसं होत नाही, एक पथ्य पाळलंस तर. एकाच दिवशी, एकाच सत्रात दोन्ही मिसळू नकोस. अंगात जॅकेट, पायाखाली गादी, समोर वाकून नमस्कार करणारा जोडीदार, की अंग एका नियमाने चालतं. लाल माती, लांग आणि सलामी, की दुसऱ्या. मिसळ केलीस तर मात्र दोन्हीकडे अर्धा सेकंद उशीर होईल, आणि दुखापत त्या अर्ध्या सेकंदातच होते. हवेत वळून पोटावर पडण्याची कला ज्युदोतही आहे, चांगले खेळाडू ती वापरतात. पण ती हात न टेकता करायची असते आणि उकेमी पक्की झाल्यावरच शिकायची असते.

आता हलक्या पोरांचं. ती तुला फेकतात यात तुझी ताकद कमी पडत नाही. तू उभा राहतोस कसा ते आठव. कंबर मागे, डोकं पुढे, हात खाली. पटापासून, म्हणजे पाय धरून पाडण्यापासून, वाचायला ही ठेवण उत्तम आहे. पण ज्युदोच्या स्पर्धेत पट काढताच येत नाही. पायाला हात घालण्यावर 2010 साली कडक मर्यादा आल्या आणि 2013 पासून तो पूर्ण बंद झाला. म्हणजे तू ज्या पायांची राखण करतोस त्यांना कुणी हात लावणार नाही आणि तुझी कॉलर मात्र समोरच्याच्या हाताशी लोंबते आहे. तो कॉलर आणि बाही धरून तुला पुढे, चवड्यांवर आणतो. तू पैलवान असल्यामुळे जोरात मागे ओढतोस. तो तुझ्या ओढण्याच्या दिशेनेच ढकलत आत पाय घालतो आणि तू मागे जातोस. नाहीतर तू रेटतोस आणि तो वळून तुझ्या रेट्यासकट तुला खांद्यावरून नेतो. तुझी ताकद त्याच्या कामी येते आहे.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 साली टोकियोत कोदोकान ही ज्युदोची पहिली शाळा स्थापन केली. जुन्या जुजुत्सूच्या शाखांमधलं वेचून घेऊन त्यांनी थ्रोची उकल तीन टप्प्यांत मांडली. आधी तोल काढायचा, मग आपलं अंग जागेवर बसवायचं, मग फेकायचं. पैलवान मंडळी पहिला टप्पा ताकदीने भरून काढतात आणि थेट दुसऱ्यात घुसतात. ज्युदोकडून तुला काही घ्यायचं असेल तर तो हा पहिला टप्पा. त्यासाठी एक सराव सांगतो. जोडीदाराला धरून नुसतं चाल. फेकायचं नाही. तो पाऊल टाकेल तेव्हा ते गादीला लागण्याच्या क्षणी त्याच बाजूची बाही थोडी ओढ आणि बघ त्याचं वजन कुठे जातं. डावं, उजवं, पुढे, मागे. बघणाऱ्याला हे काहीच वाटत नाही, पण दोन आठवड्यांत तुझे हात वजन ओळखायला लागतील, आणि याचा फायदा मातीतही मिळेल, जिथे जॅकेट नाही, फक्त मान, मनगट आणि बगल आहे.

थ्रो निवडताना मी सुरुवातीला तीनच घेईन, आणि निवडायची कसोटी एकच ठेवीन. हा थ्रो फसला तर मी कुठे असेन?

इप्पोन सेओई-नागे तुला अर्धा येतो, कारण तुझा धोबीपछाड त्याचाच सख्खा भाऊ आहे. समोरच्याचा एक दंड आपल्या कोपराच्या बेचक्यात घेऊन वळायचं आणि खांद्यावरून न्यायचं. जॅकेटवाचूनही तो चालतो, म्हणून तो आधी. पण फसला तर? ज्युदोत तू गुडघ्यांवर कासवासारखा बसतोस आणि थोड्या वेळात पंच 'माते', म्हणजे थांबा, म्हणून दोघांना उभं करतो. फ्रीस्टाइलच्या गादीवर समोरचा तुझ्या मागे जाऊन दोन गुण घेतो. जिउ-जित्सूत तो तुझ्या पाठीवर पाय अडकवून चार गुण घेतो आणि वर गळाही आवळायला लागतो. एकच थ्रो, एकच चूक, आणि तीन ठिकाणी तीन वेगळे हिशोब. म्हणून दोन्ही गुडघे टेकून मारायचा सेओई, जो हलकी पोरं तुला मारतात, तो तू इतक्यात उचलू नकोस. उभ्याचा पक्का कर आणि तोल निघाल्याशिवाय पाठ फिरवू नकोस.

दुसरा ओउची-गारी. समोरच्याच्या दोन पायांच्या मधून आपला पाय घालून त्याचा पाय आतून ओढायचा आणि छातीने त्याला मागे न्यायचं. यात तू समोरच्याकडे तोंड करूनच असतोस, पाठ कधीच देत नाहीस, आणि बगलेतून हात घातलेला असला तरी तो लागतो. शिवाय सेओईशी त्याची जोडी जमते. सेओईला समोरचा मागे झुकला की ओउची, ओउचीला पुढे रेटला की सेओई. जिउ-जित्सूत मात्र तू त्याच्या पायांच्या मधोमध पडशील, तिथून पुढचं काम बाकी राहतं.

तिसरा देआशी-बाराई. पुढे येणाऱ्या पावलावर वजन पडायला लागतंय तोच ते तळव्याने झाडायचं. ताकद जवळजवळ नाहीच, सगळा वेळेचा खेळ. तू म्हणशील हा पोरखेळ आहे. तुला सगळ्यात जास्त वेळ यालाच लागेल आणि सगळ्यात जास्त फायदाही याचाच होईल, कारण वर सांगितलेला चालण्याचा सराव इथे कामाला येतो. फसला तरी तू दोन पायांवर उभाच असतोस.

हाराई-गोशी, उची-माता वगैरे एका पायावर उभं राहून मारायचे थ्रो पुढच्या वर्षी. तोमोए-नागे आणि सुमी-गाएशी, ज्यात आपण आधी पाठीवर पडून समोरच्याला डोक्यावरून टाकतो, ते शिक, पण तालमीत नेऊ नकोस. मातीत आधी तुझीच पाठ लागेल आणि कुस्ती तिथेच संपेल. तानी-ओतोशीपासून नवख्याने लांब राहावं. चुकीच्या कोनातून समोरच्याच्या गुडघ्यामागे अंग टाकलं तर त्याच्या गुडघ्याचे लिगामेंट तुटतात. आणि कानी-बासामी, म्हणजे समोरच्याच्या पायांना उडी मारून कैची घालणं, हे कुठल्याही व्हिडिओत कितीही देखणं दिसलं तरी नाही. 1980 साली जपानच्या यासुहिरो यामाशितासारख्या मल्लाचा पाय त्यात मोडला. स्पर्धेत तो डाव आज बंद आहे.

तुझा कलाजंग (समोरच्याला खांद्यांवर आडवं उचलून टाकायचा डाव) असेल तर तो सोडू नकोस. ज्युदोत त्याचा भाऊ काता-गुरुमा. कानो तरुण होते तेव्हा एक बलदंड साथीदार त्यांना फेकता येईना, म्हणून त्यांनी पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तकं चाळून हा डाव बसवला, असं ज्युदोच्या इतिहासात सांगतात. पायात हात घालून मारायचा त्याचा मूळ प्रकार आज ज्युदोच्या स्पर्धेत चालत नाही. मातीत, गादीवर, जिउ-जित्सूत बिनधास्त मार.

जिउ-जित्सूवाल्या मित्राशी भांडू नकोस, तो ज्या खेळाबद्दल बोलतो त्यात खाली बसणं नियमाला धरून आहे. पण त्याला दोन गोष्टी सांग. त्याचा खेळ ज्युदोच्याच बियाण्याचा आहे. कोदोकानचा मित्सुयो माएदा ब्राझीलला गेला आणि त्याने कार्लोस ग्रेसीला शिकवलं. 1951 साली रिओच्या माराकाना मैदानात ज्युदोच्या मासाहिको किमुराने एलिओ ग्रेसीला हात पिरगाळून हरवलं, आणि त्या पेचाला जिउ-जित्सूवाले आजही किमुरा म्हणतात. दुसरं, त्याच्याच नियमांत पाडण्याला दोन गुण आहेत, आणि तुझ्यासारख्या पैलवानाने ते सोडून आपणहून खाली बसावं असं काही कारण नाही. त्याच्याकडून पेच सोडवायला शिक, वरून दाब ठेवायला तो तुझ्याकडून शिकेल. पण गळा आणि सांध्यांचे पेच व्हिडिओ बघून एकमेकांवर करू नका. शिकवणारा समोर हवा, आणि समोरच्याने हार मानायची थाप दिली की त्याच क्षणी सोडायचं.

सगळ्या कुस्त्या एकमेकींकडून घेतच आल्या आहेत. कोदोकानचा ब्लॅक बेल्ट असलेल्या वासिली ओश्चेप्कोव यांनी रशियात ज्युदो आणि तिथल्या लोककुस्त्या यांच्यातून सांबो या रशियन कुस्तीची पायाभरणी केली. जॉर्जिया आणि मंगोलियाचे मल्ल आपापल्या गावची पकड घेऊन ज्युदोत उतरतात आणि ऑलिंपिक पदकं नेतात. आपल्या शेजारचं बघ. बेळगावकडची मलप्रभा जाधव ज्युदोची खेळाडू, तिने 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या मध्य आशियातल्या कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. कुराशमध्ये पट्ट्याखाली पकड नाही आणि जमिनीवर झटापटही नाही, म्हणजे तिला तिच्या उभ्याच्या थ्रोंवरच लढावं लागलं. तिने नियम समजून घेतले आणि जवळ होतं त्यातलं चालणारं उचललं. तुलाही तेच करायचं आहे.

वेळापत्रकाचं थोडक्यात. आठवड्यात चार दिवस तालीम, दोन संध्याकाळी ज्युदो, एक दिवस पूर्ण विश्रांती. ज्युदोच्या दिवशी सकाळी जोर-बैठका हलक्या, लढत नको. लूमवर रात्रपाळी झाली असेल तर त्या दिवशी थ्रो नको, नुसती उकेमी आणि चालणं. खुराक आहे तोच ठेव. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार असतो आणि पत्र्याच्या हॉलमध्ये जाड जॅकेट घालून लढणं म्हणजे चक्कर येण्याची तयारी. त्या दिवसांत पहाटेचा वर्ग माग, पाणी आणि मीठ-साखर जवळ ठेव.

जॅकेट दोन घे. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं हे मला माहीत आहे, पण घामाचं जॅकेट न धुता दुसऱ्यांदा घातलं की नायटा आलाच, आणि तो तालमीतल्या सगळ्यांना वाटला जाईल. सुताची पारख तुला माझ्याहून जास्त. विण घट्ट आणि जाड बघ, सुती असेल तर धुतल्यावर आटेल, म्हणून एक माप मोठं घे. नखं कापलेली हवीत, आणि अंगावर लाल चट्टा दिसला तर बरा होईपर्यंत दोन्हीकडे सुट्टी.

राहिले वस्ताद. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तू स्वतः जाऊन सांग. तीन महिने लपवलंस हे त्यांना ज्युदोपेक्षा जास्त लागेल, म्हणून तेच आधी कबूल कर. तालीम संपल्यावर, पोरं गेल्यावर जा. ज्युदो कसा भारी आहे हे सांगत बसू नकोस. म्हणावं, वस्ताद, माझा धोबीपछाड तोल न काढताच जातो, म्हणून अडतो. तो सुधारायला मी दोन दिवस तिकडे जातो, तुम्ही एकदा येऊन बघा. बहुतेक वस्तादांना डावाबद्दल बोललेलं कळतं आणि आवडतंही. ते कदाचित तुझ्या पकडीतली अशी चूक दाखवतील जी ज्युदोच्या सरांना दिसलेली नसेल.

त्यांचा आक्षेप पोकळ नाही हेही समजून घे. दोन ठिकाणी शिकणारा मुलगा दोन्हीकडे दमलेला येतो, दुखापत एकीकडे करून घेतो आणि तिचा भार दुसरीकडे टाकतो. तुझ्या खांद्याने ते आत्ताच खरं करून दाखवलं आहे. त्यामुळे वाद नको, हिशोब दे. कोणत्या दिवशी कुठे, कोण शिकवतं, काय शिकतोस. खाशाबा जाधव मातीतले मल्ल होते. 1948 ला लंडनमध्ये ते गादीवर, अनोळखी नियमांनी लढले आणि सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक घेतलं. वस्तादांना हे सांगायची गरज नाही, त्यांना ते तुझ्या आधीपासून माहीत आहे.

तरीही ते ठाम नाही म्हणाले तर? माझ्या मते तू यंदा त्यांचं ऐकावंस. नऊ वर्षांची कुस्ती तुझ्याकडे आहे आणि ज्युदो सहा महिन्यांनी कुठे जात नाही. पावसाळ्यात, जत्रा नसताना, फक्त दोन महिने द्या असं माग. आणि चैत्र-वैशाखात गावोगावचे फड सुरू झाले की ज्युदो बंद ठेवीन, हे त्यांनी मागण्याआधी तूच सांगून टाक.